निळ्याला भिणारे टिकारामभाऊ

टिकारामभाऊ लांजेवारांच्या डोळ्यांवर जगात दोघांचाच पुरता विश्वास होता. एक ते स्वतः आणि दुसरा एक रशियन साहेब. साहेब साठ साली आपल्या देशी निघून गेला, पण जाण्याआधी एकदा त्याने भट्टीतून वाहणाऱ्या लोखंडाकडे बोट करून विचारलं, किती तापलंय? टिकारामभाऊंनी नुसता रंग बघून आकडा सांगितला. यंत्र लावलं, तर यंत्रानेही तोच सांगितला. साहेब म्हणाला, "हराशो." म्हणजे त्यांच्या भाषेत छान. त्या एका शब्दावर टिकारामभाऊंनी पुढची वर्षं काढली. वरणात मीठ बरोबर पडलं तरी हराशो, आणि अहिवारा गावातल्या चुलतभावाला चौथी मुलगी झाली तरी हराशो.

मी त्यांची शेजारीण, कांता मेश्राम. भिलाईत सेक्टर दहामध्ये त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत होती. त्यांच्या कौशल्याबाईंनी फोडणी दिली की ठसका मला लागायचा. टिकारामभाऊ तिथल्या पोलाद कारखान्याच्या भट्टीवर, आणि माझे यजमान आनंदराव त्याच कारखान्यात क्रेन चालवायचे. दोन्ही घरं भंडाऱ्याकडची. ते कुणबी, आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेले. गावात असतो तर एका विहिरीवर आलो नसतो. इथे एका नळावर भांडायचो, आणि खरं सांगते, मला ते भांडण फार आवडायचं.

टिकारामभाऊंना रंगांवर बोलायला कारण लागत नसे. आमच्या अंगणात बाज टाकून ते मला, म्हणजे जिचा भट्टीशी काडीचा संबंध नाही अशा बाईला, शिकवायचे. "लाल म्हणजे थंडी, कांताबाई. नारिंगी म्हणजे येऊन राहिली. पिवळी म्हणजे गरम. न् पांढरी म्हणजे तिथं तुमचे आनंदराव उभे बी राहू शकत नाई." आनंदराव वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, "मी कायले उभा राहू? मी वर बसतो."

आणि निळा? निळ्याचं नाव काढलं की टिकारामभाऊंचा आवाज उतरायचा. भट्टीच्या तोंडाशी निळी ज्योत दिसली म्हणजे गॅस. त्या गॅसला ना वास ना चव, माणूस उभ्या उभ्या झोपतो आणि उठत नाही. त्यांच्यासमोर एकजण तसा झोपला होता. तेव्हापासून निळं दिसलं की वारा जिकडून येतो तिकडे पळायचं, हा त्यांचा कायदा. स्टोव्हची ज्योत निळी असते म्हणून त्यांनी घरात स्टोव्ह येऊ दिला नाही. कौशल्याबाई बिचाऱ्या कोळशाच्या शेगडीवर डोळे चोळत बसायच्या. आमच्या घरात तर निळा रंग मानाचा. चौदा एप्रिलला दारावर निळा झेंडा लागला की टिकारामभाऊ त्याला हात जोडायचे, पण जरा लांबून.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यांना तहान लागू लागली. भट्टीपुढे उभ्या असणाऱ्या माणसाला तहान लागते यात कोणाला काय वाटणार? माठ रिकामा व्हायला लागला. मग पाणी प्यायलं म्हणून ते मागच्या दारी पळायला लागले. मग पँट कमरेवरून घसरायला लागली, तेव्हा म्हणाले, भट्टीनं चरबी वितळवली, हराशो. पुढे वार्षिक तपासणी आली. गरम जागी काम करणाऱ्या प्रत्येकाला ती चुकत नसे. तिथे लघवीत साखर निघाली, आणि दवाखान्याने त्यांना दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं.

तिथे काय झालं ते त्यांनी संध्याकाळी बाजेवर बसून सांगितलं. "गेल्याबरोबर शरबत पाजलं. असं गोड, का लग्नात बी कोणी पाजत नाई. मले वाटलं, भट्टीचा माणूस म्हणून मान देऊन राहिले. मंग दर अर्ध्या तासानं सुई टोचून रक्त घेतलं न् शिशीत लघवी मागतली. असे दोन घंटे. पाजलेलं शरबत परत मागणारा यजमान मी पयल्यांदाच पायला."

खरी हकिगत कौशल्याबाईंकडून कळली; त्या सोबत गेल्या होत्या. डॉक्टर अरुणकुमार पाटण्याकडचे, तरुण आणि फार शांत माणूस. त्यांनी समजावलं होतं की पोटात इन्सुलिन नावाचा रस तयार होतो, खाल्लेली साखर रक्तातून अंगात पोचवायचं काम त्याचं. निरोगी माणसाची साखर शरबत प्यायल्यावर चढते आणि दोन तासांत उतरते. टिकारामभाऊंची चढली ती तिथेच ठाण मांडून बसली. म्हणजे एक तर रस कमी तयार होतो, नाहीतर रस होतो पण अंग त्याचं ऐकत नाही.

"मी डॉक्टरले इचारलं, यांचं कोणतं?" कौशल्याबाई मला म्हणाल्या. "तर म्हणते, रस मोजाची युक्ती विलायतेत आत्ता आत्ता निघाली, आपल्याकडं नाई. मी म्हटलं, मशीन कायले पायजे जी? ऐकत नाई, हेच असल. मी लग्नापासून सांगून राहिली."

विलायतेची युक्ती येईपर्यंत डॉक्टरांनी स्वस्तातली दिली. एक बाटली निळं पाणी आणि चार काचेच्या नळ्या. नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळत्या पाण्यात नळी धरायची आणि रंग कसा बदलतो ते बघायचं. सोबत गोळ्या, आणि भात, गूळ, साखर बंद. महिनाभर रोजचा रंग वहीत लिहून तिसाव्या दिवशी यायचं. तोवर साखर आटोक्यात आली तर ठीक, नाहीतर सुया सुरू आणि भट्टीवरचं काम बंद. मग हलकं काम मिळेल, गेटवर बसायचं.

आता इथे चूक कोणाची, हे मी अजूनही ठामपणे सांगते: टिकारामभाऊंची. डॉक्टरांनी छापलेला कागद काढून "देखिए, नीला मतलब" एवढं म्हटलं होतं. यांनी हात वर केला. "डागदरसाब, रंग हमको मत सिखाओ. रंग देखके ही तो रोटी खाता हूँ." बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली. डॉक्टरांनी कागदाची घडी करून यांच्या खिशात घातली आणि पुढच्याला बोलावलं.

घरी आल्यावर तो कागद कुठे गेला, कोणी विचारलं नाही.

रोज जेवणाआधी मागच्या अंगणात कार्यक्रम सुरू झाला. कौशल्याबाईंनी स्वयंपाकघरात हे धंदे चालणार नाहीत असं बजावल्याने शेगडी बाहेर आली. तिच्यावर डालड्याच्या डब्यात पाणी, पाण्यात नळी, आणि नळीपुढे टिकारामभाऊ भट्टीवरची जाड फेल्टची टोपी घालून उकिडवे बसलेले.

"आठ थेंब मुतासाठी टोपी कायले?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"सवय आहे," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी नळी निळ्याची हिरवी, हिरव्याची पिवळी, आणि बघता बघता विटेसारखी लाल झाली. टिकारामभाऊ टोपी काढून उभे राहिले. "लाल. थंडी भट्टी आहे. हराशो." त्यांनी आम्हाला समजावलं की सुरुवातीचं निळं म्हणजे गॅस, तापवला की गॅस निघून जातो आणि मागे माल उरतो. माल लाल, म्हणजे उष्णता नाही, म्हणजे रोग नाही. डॉक्टर उगाच घाबरवतात. वहीत त्यांनी लिहिलं, "थंडी". आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि सातवी पास होऊन डोलावली, याची मला आजही लाज वाटते.

कौशल्याबाईंनी मात्र रंगाबिंगाच्या नादी न लागता डॉक्टरांचं ऐकलं. भात बंद केला. भंडाऱ्याच्या माणसाचा भात बंद करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. ज्वारीची भाकर, मेथी, आणि समोर उभं राहून गोळी गिळायला लावायची. "पांढरी गोळी म्हणजे गरम असते वं," ते कुरकुरायचे. "गिळा," त्या म्हणायच्या.

आठवडा संपता संपता नळी लाल व्हायची थांबली. नारिंगीवर राहिली. पुढे पिवळी. टिकारामभाऊंच्या कपाळाला आठ्या पडल्या. वहीत "गरम", मग "बहुत गरम" अशी नोंद झाली. "भाकरीनं अंग तापून राहिलं माझं," ते मला म्हणाले. "ही बाई मले जाळून टाकते आता." मग दोन-तीन दिवस नळी हिरवी राहिली. हिरवं लोखंड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही.

सोळाव्या दिवशी नळी निळीच राहिली.

मी भिंतीपलीकडे भांडी घासत होते. आवाज अजिबात नव्हता. टिकारामभाऊ अत्यंत शांतपणे, कारखान्यात शिकवलं होतं तसं, उठले. शेगडीवर बादलीभर पाणी ओतलं. बोट ओलं करून वारा कुठून येतो ते पाहिलं. मग कौशल्याबाईंचा दंड धरून त्यांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं आणि भिंतीवरून मला म्हणाले, "कांताबाई, लेकरं घेऊन समोर या. घाबरू नका." मी हात तसेच राखेचे घेऊन लेकरांसकट रस्त्यावर आले. शेजारच्या दोन घरांतली माणसंही बाहेर आली. अर्धा तास आम्ही सगळे रस्त्यात उभे, आणि आत डालड्याच्या डब्यात ती एवढीशी नळी.

"पण नळी तर थंडी झाली असल," शेवटी कोणीतरी म्हणालं.

"नळीतला गॅस नाई," टिकारामभाऊ म्हणाले. "माझ्या अंगातला." आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या वेळी मला त्यांची फार दया आली.

त्या रात्री जेवण नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्यापुरता इलाज शोधला. अंगात उष्णता वाढली की आपल्याकडे काय देतात? खडीसाखर. पाण्यात खडीसाखर विरघळवून प्यायली की अंग थंड पडतं, हे त्यांच्या आजीपासून सगळ्यांना ठाऊक. डॉक्टरांनी साखर बंद केली होती; खडीसाखर हे तर औषध. तरी बायको ऐकायची नाही म्हणून त्यांनी पुडी फेल्टच्या टोपीच्या अस्तरात लपवली आणि भट्टीवर जाऊन शिफ्टमध्ये दोन-तीन लोटे शरबत प्यायला लागले. दोन दिवसांत नळी पिवळी, चार दिवसांत लाल. टिकारामभाऊंचा चेहरा फुलला. वहीत पुन्हा "थंडी, थंडी, थंडी".

आणि मग मुंग्या आल्या.

सव्विसाव्या दिवशी कौशल्याबाई हातात कॅलेंडर घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना लिहिता येत नसे, पण त्यांच्या कॅलेंडरवर सगळं असायचं: दूधवाल्याची दांडी, गॅसवाली ती संध्याकाळ, माहेरचं पत्र. कुंकवाचे ठिपके होते. "पाहा जी कांताबाई. ते शिशी जिथं रिकामी करते ना, मोरीपाशी, तिथं पयल्या आठवड्यात मुंग्यांची रांग लागली होती. मी रोज हळद टाकून राहिली, म्हणून ठिपका देल्ला. मंग मुंग्या गेल्या. सोळाव्या दिवशी एक बी नव्हती. आता पुन्हा आल्या, दुप्पट. माझ्या सासऱ्याच्या वेळेस वैद्य हेच पाहे. मुंगीले भट्टीचं काय समजते? तिले साखर समजते."

मी त्यांच्या घरी जाऊन वही काढली आणि कॅलेंडरशेजारी ठेवली. ज्या दिवशी ठिपका, त्या दिवशी "थंडी". ज्या दिवशी ठिपका नाही, त्या दिवशी "बहुत गरम" नाहीतर कोरी जागा. आणि "गॅस" लिहिलेल्या दिवशी मुंगी औषधालाही नाही. "तो कागद कुठं आहे?" मी विचारलं. कौशल्याबाईंनी मांडणीवरचा तिखटाचा डबा उचलला. खाली अंथरलेला होता.

संध्याकाळी आनंदरावांनी कागदावरचं इंग्रजी मोठ्याने वाचून सांगितलं. निळा, साखर नाही. हिरवा, थोडी. पिवळा, बरीच. विटकरी लाल, भरपूर. टिकारामभाऊ बाजेवर बसून ऐकत होते.

"कागद उलटा छापला असल," ते म्हणाले.

"न् मुंग्या बी उलट्या आल्या काय?" कौशल्याबाईंनी विचारलं. एवढ्यात त्यांचं लक्ष खुंटीवरच्या टोपीकडे गेलं, कारण एक रांग तिकडेही चढत होती. त्यांनी टोपी काढून झटकली. खडीसाखर खळखळ करत फरशीवर पडली.

मला वाटलं, आता भांडण होणार. मी आनंदरावांना खूणही केली की चला. पण टिकारामभाऊ टोपीकडे बघतच राहिले. "म्हणजे माझा डोळा गेला," ते म्हणाले. "चार दिवसांनी गेटवर बसवतीन मले. सायकलीचे बिल्ले पाहाले." रोगाचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. चार वर्षं ज्या डोळ्यांच्या जोरावर छाती काढून चालले, त्यांनी महिनाभर भरल्या घरात फसवलं, हे त्यांना गिळवत नव्हतं.

कौशल्याबाई खाली बसून खडीसाखर वेचत होत्या. "डोळा कुठी गेला? तुमाले लाल दिसलं ते लालच होतं. तुमी कोणाले इचारलं नाई, एवढंच."

उरलेले चार दिवस त्या घरात पथ्य कडक. भाकर, मेथी, गोळी. शिफ्टवरून येताना टिकारामभाऊ सायकल हातात धरून चालत यायचे, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं हे त्यांना आता आठवलं होतं. नळी रोज लावायचे, पण रंग सांगायचे नाहीत. नळी कौशल्याबाईंच्या हातात देऊन अंगणाच्या त्या टोकाला जाऊन उभे राहायचे.

तिसाव्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मला नेलं ते वही वाचून दाखवायला. खरं तर टिकारामभाऊंना ती वाचायची लाज वाटत होती. डॉक्टर पानं उलटत गेले, आणि "गॅस" या शब्दापाशी थांबले. मी सगळं सांगितलं. भट्टी, लाल म्हणजे थंडी, रस्त्यावरचा अर्धा तास, खडीसाखर, मुंग्या. डॉक्टर अरुणकुमार हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिले. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

मग वळून त्यांनी कुंकवाचं कॅलेंडर मागितलं. ते त्यांनी फार काळजीपूर्वक पाहिलं. म्हणाले, हे तर मला सांगूनही जमलं नसतं. पंधरवडा पथ्य आणि गोळ्या, साखर शून्यावर. दहा दिवस खडीसाखर, पुन्हा भरपूर. म्हणजे तुमच्या अंगात रस तयार होतो, आणि अंग त्याचं ऐकतंही. विलायतेचं मशीन रस नेमका मोजेल, पण तूर्त मला हवं ते या ठिपक्यांनी सांगितलं.

"मंग ऐकत नाई ते कोण?" कौशल्याबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी टिकारामभाऊंकडे बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांनी नळी मागवली, निळं पाणी घातलं, आठ थेंब टाकले आणि उकळत्या पाण्यात धरली. भट्टीवर ठेवायचं की गेटवर बसवायचं, ते आता या नळीवर. मिनिटं गेली. डॉक्टरांनी नळी वर काढली, पण स्वतः बघितलीच नाही, टिकारामभाऊंसमोर धरली. "रंग आप बताइए. आपका काम है."

टिकारामभाऊंनी टोपी काढली. नळीकडे बघत राहिले. कपाळावर घाम आलेला मला दिसत होता.

"निळा," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, "साखर नाई."

डॉक्टरांनी भट्टीच्या कामाचा कागद तीन महिन्यांसाठी सही करून दिला. नळी रोज लावायची, पण ठिपके कौशल्याबाईंनीच द्यायचे, अशी अट घालून.

परतताना टिकारामभाऊ पुढे चालत होते. जरा वेळाने थांबून म्हणाले, "निळ्याले पाहून आज पळालो नाई मी."

"निळा वाईट नसते, हे मी किती वर्षांपासून सांगून राहिली," मी म्हटलं.

"दोन पावलं मागं सरकले होते तुमी," कौशल्याबाई त्यांना म्हणाल्या. "मी पायलं."

टिकारामभाऊंनी पावलं उचलली. दोनची शिफ्ट होती. घरी येऊन त्यांनी पटापट भाकर खाल्ली, सायकल बाहेर काढली आणि टोपीसाठी हात पुढे केला. कौशल्याबाईंनी खुंटीवरची टोपी काढली, आमच्या सगळ्यांच्या देखत उलटी केली आणि दोनदा झटकली. काही पडलं नाही.

"हराशो," त्या म्हणाल्या, आणि टोपी त्यांच्या हातात दिली.